एकास चोवीस : जॅग्वार ई-टाइपची प्रतिकृती घडवताना

जॅग्वार ई-टाइप ही गाडी नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे ४४५ सेंटिमीटर लांब आहे. चोवीसने भागलं की साडेअठरा सेंटिमीटर होतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर ९६ इंच. चोवीसने भागलं की नेमके ४ इंच. एवढा हिशेब चौथीतलं मूलही करील. हे पुस्तक त्या भागाकारात न बसणाऱ्या गोष्टींविषयी आहे. लांबी, रुंदी आणि उंची निमूटपणे भागल्या जातात. रंगाचा थर, पत्र्याची जाडी, गाडीचं वजन आणि तिच्यावर पडणारा प्रकाश मात्र भागाकाराला दाद देत नाहीत. किटच्या डब्यातले तुकडे सूचनापत्रकाप्रमाणे जोडले, तर ई-टाइपच्या आकाराची एक वस्तू हाती येते. तिच्याकडे पाहून कुणाला क्षणभर खरी गाडी दिसावी असं वाटत असेल, तर प्रमाण कुठे पाळायचं आणि कुठे मोडायचं हे ठरवावं लागतं. हे ठरवता येणं हीच या छंदातली विद्या, असं माझं मत आहे. पुढची सगळी प्रकरणं त्याच मतावर उभी आहेत.

मॉडेल बनवण्याची पुस्तकं बहुधा आठ-दहा गाड्या घेऊन प्रत्येकीचं थोडं थोडं दाखवतात. इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गाडी आहे. याचं कारण साधं आहे. डिटेलिंग म्हणजे जास्तीचे बारीक भाग चिकटवणं, असा एक समज रूढ आहे. त्या समजातून बाहेर यायचं तर एखादी खरी गाडी मुळापासून माहीत करून घ्यावी लागते. कुठला भाग कशाचा बनलेला होता, कुठे तेलकट होत असे, कुठला बोल्ट रंगवलेला असे आणि कुठला नसे, हे कळलं की हात आपोआप योग्य ठिकाणी थांबतो. हे ज्ञान दहा गाड्यांचं एकदम मिळत नाही. एका गाडीचं नीट मिळालं, तर पुढच्या गाडीचं कसं मिळवायचं ते कळतं.

ई-टाइप निवडली ती तिच्या सौंदर्यासाठी, हे अर्धं खरं. १५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हाच्या पार्क दे-ओ-व्हीव्हमध्ये सर विल्यम लायन्स यांनी ती पत्रकारांपुढे आणली. समारंभाची पक्क्या टपाची कूपे, ९६०० एचपी या नोंदणीची, कंपनीच्या प्रसिद्धी विभागातले बॉब बेरी इंग्लंडहून चालवत घेऊन आले आणि ऐनवेळी पोहोचले. गाडीत बसून पाहायला इतकी झुंबड उडाली, की चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस यांना कॉव्हेंट्रीहून दुसरी गाडी, ७७ आरडब्ल्यू नोंदणीची उघडी रोडस्टर, रातोरात जिनिव्हाला पळवत आणावी लागली. ताशी दीडशे मैलांचा दावा करणारी ही गाडी करासकट सुमारे २,१०० पौंडांना मिळत होती. त्या वेगाच्या इटालियन गाड्यांची किंमत त्याहून कितीतरी जास्त होती. पुढे १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ ची एक निळी रोडस्टर आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. जॅग्वार कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीची आहे, म्हणजे या गाडीच्या वारशाचं मुख्यालय आज एका अर्थाने मुंबईत आहे.

निवडीचं उरलेलं अर्धं कारण मॉडेल करणाऱ्याच्या फायद्याचं आहे. ई-टाइपचा आकार माल्कम सेअर यांनी ठरवला. ते ब्रिस्टल विमान कंपनीतून जॅग्वारमध्ये आलेले वायुगतिशास्त्राचे जाणकार. ले मां जिंकणाऱ्या सी-टाइप आणि डी-टाइप या शर्यतीच्या गाड्यांचे आकारही त्यांचेच. स्वतःला स्टायलिस्ट म्हणवून घेणं त्यांना आवडत नसे. गाडीच्या वक्ररेषा ते गणिताने काढत, कोष्टकं आणि स्लाइडरूल घेऊन एकेका बिंदूचं स्थान मोजून. त्यामुळे या गाडीच्या अंगावर लपायला जागा नाही. कोपरे नाहीत, पट्ट्या नाहीत, आकार तोडणाऱ्या रेषा जवळजवळ नाहीत. बॉनेटपासून शेपटीपर्यंत प्रकाशाची एक लांब रेघ वाहत जाते. बॉडीवर कुठे पाव मिलिमीटरचा उंचवटा राहिला, तर ती रेघ तिथेच वाकते आणि चूक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. शिकण्यासाठी असा कडक परीक्षक बरा.

तिची रचनाही तशीच शिकवणारी आहे. मधला भाग पत्र्याच्या पेटीसारखा बंद, म्हणजे मोनोकॉक. त्याला पुढे बोल्टने जोडलेला रेनॉल्ड्स ५३१ पोलादाच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा. त्या सांगाड्यावर इंजिन, पुढचं सस्पेन्शन आणि स्टीअरिंग. मागे स्वतंत्र सस्पेन्शनचा एक अख्खा पिंजरा आणि त्यातले ब्रेक चाकांत न बसवता आत, डिफरन्शिअलला लागून बसवलेले. प्रत्येक मागच्या चाकाला दोन-दोन स्प्रिंगा. आणि या सगळ्यावर पुढे कलणारं, एकसंध, गाडीच्या जवळजवळ अर्ध्या लांबीचं बॉनेट. ते उघडलं की गाडीचा पुढचा भाग उघडा पडतो. बहुतेक मॉडेलांत इंजिन हे एका चौकोनी खिडकीतून डोकावून पाहायचं असतं. इथे ते तिन्ही बाजूंनी दिसतं, आणि त्याच्या भोवतीच्या नळ्या, पुढचे टायर, रेडिएटर हेही दिसतं. काय दाखवायचं आणि कितपत दाखवायचं, हा प्रश्न त्यामुळे टाळताच येत नाही.

प्लॅस्टिकच्या किटचा इतिहास इथे विस्ताराने सांगत नाही, कारण तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन आणि इंजेक्शन मोल्डिंग स्वस्त झालं, अमेरिकेत रेव्हेल आणि मोनोग्राम, इंग्लंडमध्ये एअरफिक्स आणि जपानमधल्या शिझुओकात तामिया अशा कंपन्या उभ्या राहिल्या, आणि लाकूड कोरून मॉडेल करणाऱ्यांची जागा डबा उघडून जोडणाऱ्यांनी घेतली. १/२४ हे माप फूट-इंचांच्या जगातलं आहे: एका फुटाला अर्धा इंच. ई-टाइपच्या वाट्याला बरीच मापं आली. एअरफिक्सने ती १/३२ मध्ये काढली, हेलर आणि रेव्हेलने १/२४ मध्ये. मोनोग्रामची १/८ मधली ई-टाइप तर सुमारे ५६ सेंटिमीटर लांब भरते आणि घरात जागा मागते. या पुस्तकात १/२४ धरलं आहे, कारण ते टेबलाच्या एका कोपऱ्यावर मावतं, त्याचे सुटे धातूचे भाग मिळतात आणि बारीक कामाची मर्यादा त्यात लवकर समजते.

किट बनवणाऱ्यांपुढेही प्रमाणाचा प्रश्न असतोच. त्याबद्दल एक गोष्ट या छंदातल्या लोकांना पाठ आहे. १९७६ मध्ये तामियाने १/१२ मापाचं पोर्श ९३४ काढलं. त्याच्या तयारीत फोटो आणि मापं पुरेनात, तेव्हा शुन्साकू तामिया यांनी एक खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती कारखान्यात सुटी केली. ती परत जोडायला पोर्शच्या जाणकारांची मदत घ्यावी लागली, हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत सांगितलं आहे. आपल्याला ई-टाइप सुटी करण्याची सोय नाही. पण या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा आहे: आधी गाडी, मग साचा. टेबलावर बसलेल्या माणसानेही हाच क्रम पाळायचा आहे.

म्हणून पहिलं प्रकरण अवजारांचं नसून कागदपत्रांचं आहे. ‘ई-टाइप करतो’ असं म्हणून भागत नाही. कुठली ई-टाइप, हे आधी ठरवायचं. १९६१ ते १९६४ या काळातल्या गाड्यांत ३.८ लिटरचं इंजिन होतं, ऑक्टोबर १९६४ पासून ४.२ लिटरचं आलं. पहिल्या सुमारे पाचशे गाड्यांच्या बॉनेटच्या कड्या बाहेरून उघडायच्या होत्या आणि बॉनेटवरच्या हवेच्या झडपा वेगळ्या पत्र्यात ठोकून मग डाग देऊन बसवलेल्या होत्या. नंतर त्या बॉनेटच्याच पत्र्यात ठोकल्या गेल्या. सुरुवातीच्या गाड्यांच्या डॅशबोर्डचा मधला भाग चमकता अ‍ॅल्युमिनियमचा, नंतरचा काळा. १९६७ मध्ये हेडलॅम्पवरच्या काचा गेल्या. १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत नाकाचं तोंड मोठं झालं, मागचे दिवे बंपरच्या खाली गेले आणि डॅशबोर्डवरची दांडीची बटणं जाऊन सपाट बटणं आली. १९७१ मध्ये बारा सिलिंडरची तिसरी मालिका आली आणि १९७४ मध्ये उत्पादन थांबलं. सत्तर हजारांहून जास्त गाड्या बनल्या, आणि त्यातल्या बऱ्याच नंतरच्या मालकांनी आपल्या आवडीने बदलल्या. आज प्रदर्शनात उभी असलेली झगझगीत ई-टाइप ही कारखान्यातून निघालेल्या गाडीचा भरवशाचा पुरावा असतेच असं नाही. त्या काळातले फोटो, कंपनीची माहितीपत्रकं आणि दुरुस्तीची पुस्तिका हे तिच्याहून चांगले साक्षीदार आहेत. या पुस्तकातली गाडी १९६२ ची, ३.८ लिटरची कूपे आहे.

आता त्या न भागल्या जाणाऱ्या गोष्टींकडे वळू. पहिली म्हणजे जाडी. खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. चोवीसने भागला तर ०.०४ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाहूनही पातळ. एवढं पातळ प्लॅस्टिक साच्यात ओतता येत नाही आणि ओतलं तरी बोटांत टिकणार नाही. किटची बॉडी साधारण १.२ मिलिमीटर जाड असते. खऱ्या मापात हा पत्रा जवळजवळ तीन सेंटिमीटरचा होतो. बॉनेट बंद असताना याची कुणाला कल्पना येत नाही. ते उघडलं की कड दिसते आणि गाडी लगेच खेळणं होऊन जाते. यावरचा उपाय सगळी बॉडी पातळ करण्याचा नाही. जिथे कड नजरेला पडते तिथेच, म्हणजे चाकांच्या कमानी, बॉनेटची मागची कड आणि नाकाचं तोंड, आतल्या बाजूने कानस लावून धार आणायची. डोळा कडेवरून जाडीचा अंदाज बांधतो. कड पातळ असली, तर बाकीचा पत्राही तो पातळच धरून चालतो.

रंगाची गोष्ट याहून अवघड. मॉडेलवर प्रायमर, रंग आणि लॅकर मिळून ०.१ मिलिमीटरचा थर सहज चढतो. खऱ्या गाडीवर तो २.४ मिलिमीटरचा होईल. दाराच्या फटी त्यात बुजतात, झडपांच्या कडा गोल होतात आणि गाडी पाकातून काढल्यासारखी दिसते. फटींचंही गणित आहे. खऱ्या दाराची फट चार-पाच मिलिमीटरची, म्हणजे इथे ०.२ मिलिमीटर. रंग दोन्ही बाजूंनी चढून ती भरून टाकतो. म्हणून रंग देण्याआधी प्रत्येक फट टोकदार अवजाराने खोल करून घ्यायची. रुंद करायची नाही. रंगाचे थर पातळ आणि जास्त द्यायचे, जाड आणि थोडे कधीच नाहीत. धातूच्या चमकीचे रंग निवडताना तर विशेष जपायचं. ई-टाइपला ओपॅलेसंट नावाचे सुंदर रंग येत, रुपेरी-निळा, गडद हिरवा, गनमेटल. त्यांतली चमक मखमली दिसते, कारण कण बारीक आहेत. खऱ्या गाडीच्या दुरुस्तीचा डबा आणून तोच रंग मॉडेलवर मारला, तर ३० मायक्रॉनचा कण चोवीसपट होऊन पाऊण मिलिमीटरचा दिसतो आणि गाडीवर अभ्रकाचा चुरा पसरल्याचा भास होतो. रंगाचं नाव बरोबर असून गाडी चुकते ती अशी.

प्रकाशही लहान होत नाही. वीस पावलांवरून मोठी गाडी पाहिली की मधल्या हवेमुळे तिचे गडद रंग थोडे फिके आणि काळे भाग राखाडीकडे झुकलेले दिसतात. मॉडेल आपण हातभर अंतरावरून पाहतो. त्यामुळे टायर डब्यातल्या शुद्ध काळ्याने रंगवला, तर तो भोकासारखा दिसतो. गडद राखाडी दिला की रबर वाटतो. इंजिनातल्या सावल्या आपोआप पुरेशा गडद पडत नाहीत, त्या पातळ केलेल्या तपकिरी-काळ्या रंगाने द्याव्या लागतात. इथे प्रमाण मोडायचं ते दिसण्यात प्रमाण राहावं म्हणून.

आपल्याकडच्या हवेबद्दल परदेशी पुस्तकांत काही सापडत नाही, म्हणून त्यावर एक वेगळं प्रकरण केलं आहे. लॅकरमधलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवेत ओल असली की ती त्या थंड पृष्ठभागावर बसते, रंगाच्या थरात अडकते आणि रंग पांढुरका पडतो. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हा अनुभव ठरलेला. सावकाश उडणारं थिनर वापरून किंवा वातानुकूलित खोलीत काम करून यातून वाट काढता येते. सोपा मार्ग मात्र वेळापत्रकाचा आहे. पावसाळ्यात इंजिन, सस्पेन्शन, सीटा आणि डॅशबोर्ड करावेत. बॉडीचा रंग दसऱ्यानंतर हाती घ्यावा. उन्हाळ्यात उलट अडचण येते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उष्म्यात रंगाचा थेंब बॉडीवर पोहोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. तिथे सकाळी लवकर बसावं. रंगाचं काम कुठल्याही ऋतूत उघड्या खिडकीजवळ आणि वाफा अडवणारा मास्क लावूनच करावं. साधा कापडी रुमाल थिनरच्या वाफा अडवत नाही.

क्रोम हा डब्यातल्या भागांचा सगळ्यात फसवा प्रकार. किटमधले बंपर चकचकीत मुलामा देऊन येतात आणि नवशिक्याला वाटतं, हे काम तरी झालं. पण मुलाम्याखाली साच्याची शिवण तशीच असते, आणि स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या दांडीवरून, भाग कापला की कापलेल्या जागी प्लॅस्टिक उघडं पडतं. शिवाय तो मुलामा आरशापेक्षाही प्रखर दिसतो. तो घरगुती ब्लीचमध्ये भिजवून काढून टाकावा, शिवण घासावी, चमकदार काळा रंग द्यावा आणि त्यावर क्रोमचा रंग पातळ उडवावा. खिडक्यांच्या चौकटींना मात्र ब्रशने रंग देऊ नये. तिथे पाठीला गोंद असलेला अतिपातळ धातूचा पत्रा चिकटवून, नव्या पात्याने कापून घ्यायचा. त्याची जाडी इतकी कमी असते की प्रमाणाची तक्रार डोळा करत नाही. काचेवर एक छोटी परीक्षाही आहे: ई-टाइपला तीन वायपर होते. किटमधले वायपर जाडजूड असतील, तर धातूचे कोरलेले भाग घ्यावेत. पण दोन लावून पुढे जाऊ नये.

तारांची चाकं हा या गाडीच्या मॉडेलमधला सर्वांत जुना झगडा. १५ इंची चाक, त्यात ७२ तारा. आपल्या मापात चाकाचा व्यास १६ मिलिमीटर होतो आणि एकेक तार ०.२ मिलिमीटरच्याही आत जाते. प्लॅस्टिकच्या साच्यातून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक तार क्वचितच निघते. खऱ्या गाडीत ती १२ मिलिमीटरची सळई झाली, म्हणजे स्लॅबमध्ये घालायची. इंग्रज कारागीर जेराल्ड विंग्रोव्ह १/१५ मापात धातूच्या गाड्या पूर्णपणे हाताने घडवत. त्यांच्या कामाची आणि लेखनाची ख्याती मोठी आहे, आणि तारांची चाकं एकेक तार ओवून करण्याची त्यांची पद्धत आजही अभ्यासली जाते. त्या वाटेने जायला लेथ लागतो आणि संयमही तितकाच लागतो. या पुस्तकात मधली वाट घेतली आहे. कोरलेल्या धातूच्या पातळ चकत्या थोड्या बाहेर वाकवून एकावर एक बसवायच्या, म्हणजे तारा एकमेकींना छेदतात आणि चाकाला खोली येते. तारांची नेमकी संख्या कुणी मोजत नाही. त्यांच्यामधून पलीकडचं दिसतं की नाही, हे मात्र प्रत्येक जण पाहतो.

टायरबद्दल एक इशारा इथेच देऊन ठेवतो. जुन्या किटांतले मऊ व्हिनाइलचे टायर पॉलिस्टायरीनला वर्षानुवर्षं चिकटून राहिले, तर त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य रिम वितळवतं. जुनं किट घेतलं, तर टायर आधी वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि बसवताना रिमला लॅकरचा किंवा धातूच्या पत्र्याचा अडसर द्यावा.

इंजिनावर या पुस्तकाची सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत. १९४८ मध्ये जॅग्वारच्या एक्सके १२० या गाडीबरोबर आलेलं हे सहा सिलिंडरचं इंजिन दिसायलाही देखणं आहे: वर पॉलिश केलेली अ‍ॅल्युमिनियमची दोन लांब झाकणं, बाजूला तीन एसयू कार्बोरेटर, पलीकडे काळा मुलामा दिलेले एक्झॉस्टचे नळ. ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये सिलिंडर हेड सोनेरी रंगाचं असे. भोवतीच्या सांगाड्याच्या नळ्या बॉडीच्याच रंगाच्या असत. सूचनापत्रकाने काळा रंग सांगितला, तरी ऐकू नये. स्पार्क प्लगच्या तारा साधारण ७ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्याला ०.३ मिलिमीटरची तार हवी. सहा प्लगच्या सहा आणि कॉइलची एक, अशा सात. प्लग दोन्ही झाकणांच्या मधल्या खोलगट जागेत बसतात आणि तारा तिथूनच निघतात. तारा सरळ ताणून लावल्या, तर त्या शिवणकामातल्या दोऱ्यासारख्या उभ्या राहतात. खरी तार स्वतःच्या वजनाने झोळ खाते. आपल्या ०.३ मिलिमीटरच्या तारेला तेवढं वजन नाही, म्हणून तो झोळ चिमट्याने द्यावा लागतो.

वजनाचा हा मुद्दा सबंध गाडीला लागू आहे. लांबी चोवीसने भागली, तर घनफळ १३,८२४ ने भागलं जातं. सुमारे १,२०० किलोची गाडी याच घनतेने लहान केली, तर ८७ ग्रॅमची होईल. एवढ्या वजनाखाली टायर दबत नाही, स्प्रिंग बसत नाही. मॉडेल जमिनीवर टेकल्यासारखं न दिसता टेबलावर ठेवल्यासारखं दिसतं. टायरचा तळ वॉटर पेपरवर किंचित घासून सपाट करावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडीची बैठक. ई-टाइपची चाकं बॉडीच्या पोटात थोडी आत बसलेली असतात. आजच्या गाड्यांसारखी ती बाहेर खेचली, तर बाकी सगळं बिनचूक असूनही गाडी अनोळखी वाटते. म्हणून गोंदाची बाटली उघडण्याआधी बॉडी, तळ आणि चाकं नुसती टेपने जोडून फोटोशेजारी ठेवून पाहावीत. बैठक नंतर सुधारत नाही.

आता मर्यादेविषयी. धातूचे कोरलेले भाग, थ्रीडी प्रिंट केलेली कार्बोरेटरं, छापील घड्याळांच्या तबकड्या, सीटबेल्टच्या कड्या हे सगळं आज विकत मिळतं आणि किटच्या किमतीच्या दुप्पट खर्च नकळत होऊन जातो. माझं मत स्पष्ट आहे. जो भाग पूर्ण झालेल्या गाडीत दिसणार नाही, तो करू नये. आणि जो दिसणार आहे, तो अर्धवट करू नये. चकचकीत, नव्या गाडीच्या पोटात तेलाचे ओघळ दाखवणं जसं विसंगत, तसं एका इंजिनावर तीस तारा आणि शेजारच्या सीटला साच्याची शिवण, हेही विसंगत. सगळ्या गाडीत बारकाव्याची पातळी एकच असावी. कमी तपशिलाची पण समतोल गाडी पाहणाऱ्याला जास्त खरी वाटते. स्पर्धांतल्या परीक्षकांना हे मान्य असेलच असं नाही, आणि मला त्याची चिंता नाही.

पुस्तकाचा क्रम असा आहे. पहिल्या भागात कागदपत्रं, किटची तपासणी आणि टेपने केलेली जुळवणी. दुसऱ्यात लांबी (पुट्टी) भरणं, घासणं आणि प्रायमर, म्हणजे जे शेवटी कुणाला दिसत नाही पण ज्यावर सगळं अवलंबून असतं. तिसऱ्यात रंग आणि पॉलिश. चौथ्यात इंजिन आणि पुढचा सांगाडा. पाचव्यात चाकं, क्रोम, काचा आणि गाडीचा आतला भाग. काच बसवायला सुपरग्लू वापरू नये, त्याच्या वाफांनी ती धुरकट होते; पांढरा फेविकॉल पुरतो. अवजारांची यादी मुद्दाम छोटी ठेवली आहे: चांगला निपर, चिमटा, पात्यांची सुरी, दोन-तीन कानशी, ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर आणि जमेल तेव्हा ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश. सुरुवातीला स्प्रेचा डबाही चालतो. तो कसा चालवायचा, तेही सांगितलं आहे.

हे पुस्तक ज्यांनी कधी किट हातात घेतलं नाही त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या कपाटात न उघडलेल्या डब्यांची चळत आहे त्यांच्यासाठीही. दुसऱ्या वर्गातल्या वाचकांना विनंती आहे, की हे पुस्तक वाचून होईपर्यंत नवं किट घेऊ नका. पहिल्या वर्गातल्यांना एवढंच सांगतो, की पहिली गाडी पूर्ण करा, ती कशीही होवो; निम्म्यावर सोडलेल्या तीन गाड्यांपेक्षा पूर्ण झालेली एक जास्त शिकवते. पुढचं पान उलटण्याआधी ई-टाइपचे त्या काळातले पंधरा-वीस फोटो मिळवा. कुठल्या वर्षाची, कुठल्या रंगाची, बॉनेट उघडं की बंद, हे एका कागदावर लिहून तो टेबलासमोर लावा. निपर त्यानंतर हातात घ्या.